थांबायचं कुणी? वेब सर्व्हर, पाठीमागची कामं आणि आपला जिल्हा

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. वेब सर्व्हरवर दीर्घकाळ चालणारी, पाठीमागची कामं कशी ठेवायची, ही अडचण कुठून आली आणि तिचा आपल्याशी काय संबंध, असा हा विषय. यात संगणकाचा इतिहास आहे तेवढाच महसुली दप्तराचाही आहे. म्हणून सुरुवात आम्ही दप्तरापासून करतो.

समजा, कळंब तालुक्यात कुणी दोन एकर जमीन विकत घेतली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला. आता सातबाऱ्यावर नाव लागायला हवं. पण ते त्या दिवशी लागत नाही, आणि लागूही नये. तलाठी आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद बघून नोंद प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो.

या पंधरा दिवसांत ते काम कुठं असतं? तलाठ्याच्या डोक्यात नसतं. तलाठी रजेवर जातो, त्याची बदली होते, उन्हाळ्यात तो टंचाईच्या कामाला जुंपलेला असतो. काम वहीत असतं. वहीत अर्धवट काम 'अर्धवट' म्हणूनच लिहिलेलं असतं. नवा तलाठी आला की वही उघडतो आणि जिथं राहिलं तिथून पुढं सुरू करतो. ही संहिता १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. पण वहीची रीत तिच्याहून खूप जुनी. आपल्या भागात त्याआधी हैदराबाद संस्थानचा कारभार होता, कागद उर्दूत होते, तलाठ्याच्या जागी पटवारी होता, तरी तत्त्व हेच. माणूस बदलला तरी चालेल, वही हरवली तर नाही. हे ध्यानात ठेवा, कारण वेब सर्व्हरच्या जगाला नेमकी हीच गोष्ट उमगायला वीसेक वर्षं लागली.

आता दुसरं चित्र घ्या, आपल्या एसटी स्टँडचं. चौकशीची खिडकी असते. तुम्ही विचारता, 'तुळजापूर कधी?' आतला माणूस सांगतो आणि तुम्हाला विसरतो. विसरणं ही त्याची सोय आहे. प्रत्येक प्रवाशाला लक्षात ठेवायला लागला तर दुपारपर्यंत वेडा होईल. दुसरीकडे आगार असतं. तिथं रात्री गाड्या धुतल्या जातात, टायर बघितले जातात, डिझेल भरलं जातं. आणि एक मुक्कामी गाडी असते, जी रात्री गावात जाऊन उभी राहते आणि पहाटे निघते. आगाराचं काम प्रवाशाला दिसत नाही, पण ते झालं नाही तर सकाळी खिडकीवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी उपयोग नाही.

संगणकात आधी आगार आलं, खिडकी नंतर. १९६३ च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीमध्ये, फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटात, आयबीएम ७०९४ या यंत्रावर पाठीमागं सतत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामना 'डीमन' म्हणायला सुरुवात झाली. शब्द आला मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगातून. दार राखत बसलेला, रेणू निवडणारा काल्पनिक जीव. आपल्याकडे नाव द्यायची वेळ आली असती तर 'कोतवाल' म्हटलं असतं. गावाचा कोतवाल कुणी बोलावलं म्हणून जागा नसतो, त्याचं कामच ते. पुढे युनिक्समध्ये 'क्रॉन' आलं, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ते होतं. रात्री दोन वाजता अमुक काम कर, एवढंच सांगून ठेवायचं. सांगणारा झोपला तरी काम होतं. म्हणजे सत्तरच्या दशकाअखेर हा प्रश्न सुटलेला होता.

मग वेब आलं आणि सुटलेला प्रश्न पुन्हा गुंतला.

साल १९९३. आपल्यासाठी त्या सालाचा अर्थ वेगळा आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, सास्तूरसारखी आपली गावं जमीनदोस्त झाली, आणि पुढची कित्येक वर्षं जिल्ह्याचा कारभार याद्यांवर चालला: कुणाचं घर पडलं, कुणाला कुठल्या वर्गवारीत घर मिळायचं. त्याच वर्षी तिकडे इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रात 'सीजीआय' नावाची पद्धत ठरली. तोवर वेब सर्व्हर ठेवलेलं पान जसंच्या तसं द्यायचा. सीजीआयमुळे तो पान तयार करून देऊ लागला. विनंती आली की एक प्रोग्राम सुरू करायचा, त्याच्याकडून उत्तर घ्यायचं आणि तो प्रोग्राम संपवायचा. प्रत्येक प्रश्नाला एक नवा जन्म आणि लगेच मरण. खिडकीवरचा माणूस प्रत्येक प्रवाशामागं नवा बसवायचा, असं काहीसं. महाग होतं, पण स्वच्छ होतं. आणि यात एक गोष्ट पक्की झाली. वेब सर्व्हरला काळ मोजायचा तो विनंतीत. विनंती आली म्हणजे काम आलं, उत्तर गेलं म्हणजे काम संपलं.

पुढच्या सर्व्हरांनी ही उधळपट्टी कमी केली. प्रोग्राम जिवंत ठेवायचा आणि अनेक विनंत्या त्याच्याकडूनच करून घ्यायच्या, असं सुरू झालं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा टप्पा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा आयआयएस ६, विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आलेला. तोच का? कारण एएसपी डॉट नेट हे तंत्र त्यावर चालायचं, आणि सरकारी कचेऱ्यांत ते भरपूर वापरलं गेलं. महाभूलेखवर सातबारा बघायला जाल तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'डॉट एएसपीएक्स' दिसतं, ती त्याच घराण्याची खूण.

या आयआयएसमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन पूल' नावाची सोय होती. प्रत्येक संकेतस्थळाला आपली वेगळी प्रोसेस, म्हणजे एक पडलं तर शेजारचं पडू नये. सोबत दोन नियम आले, आणि पुढचा सगळा घोळ या दोन आकड्यांचा आहे.

पहिला आकडा २०. वीस मिनिटं कुणी विनंती केली नाही तर प्रोसेस बंद करायची. त्यामागं हिशेब होता. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळं असायची, मेमरी महाग होती. ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाही त्यानं दिवा मालवावा.

दुसरा आकडा १७४०. इतक्या मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, प्रोसेस मुद्दाम संपवून नवी सुरू करायची, कारण त्या काळचे प्रोग्राम हळूहळू मेमरी खात जायचे. २९ च का? वेड हिल्मो नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यानं तो सुचवला असं सांगतात: २४ च्या पुढची सगळ्यात छोटी मूळ संख्या २९. रोज एकाच वेळी झटका बसू नये म्हणून. आज सकाळी दहाला बसला तर उद्या दुपारी तीनला, परवा रात्री आठला. गणिताच्या माणसाला ही युक्ती आवडेल. ज्याला 'कधीकधी मेसेज जात नाही, का ते कळत नाही' अशी तक्रार शोधायची आहे त्याला विचारा. तक्रार रोज वेगळ्या वेळी येते, म्हणून बिचारा लाइटीला दोष देत बसतो.

आता यात पाठीमागचं काम ठेवून बघा. एखाद्या कार्यालयानं अर्ज घेणारं संकेतस्थळ केलं. प्रोग्रामरनं त्याच प्रोग्राममध्ये एक टाइमर टाकला: रोज रात्री दोन वाजता, ज्यांचे अर्ज मुदतीबाहेर गेले त्यांची यादी साहेबांना पाठव. दिवसा तपासलं, चाललं. रात्री साडेआठला शेवटचा माणूस संकेतस्थळावरून गेला. आठ-पन्नासला प्रोसेस बंद, तिच्यासोबत टाइमरही. दोन वाजले तेव्हा दोन वाजल्याचं कळायला कुणी जागंच नव्हतं. सकाळी साडेदहाला सेतूत पहिला माणूस आला, ऑपरेटरनं पान उघडलं, प्रोसेस जागी व्हायला वेळ लागला. ऑपरेटर म्हणाला, 'सर्व्हर स्लो आहे.' आणि रात्रीची यादी गेलीच नाही. कुठं चूक नोंदली गेली? कुठंच नाही. आयआयएसच्या मते सगळं नियमाप्रमाणे झालं. त्याला विनंत्या मोजता येतात; त्या प्रोसेसच्या पोटात अजून कुणी काम करत बसलंय हे त्याला दिसत नाही.

उलटंही होतं. २९ तासांनी बदली होताना नवी प्रोसेस आधी उठते, जुनी मागून निजते. मधल्या वेळात दोघी जाग्या. दोघींचा टाइमर वाजला तर एका शेतकऱ्याला एकच मेसेज दोनदा. मेसेजपुरतं ठीक, तिथं पैसे असतील तर?

यावर लोकांनी काय काय केलं, तो इतिहास गमतीचा आहे. २००८ साली 'स्टॅक ओव्हरफ्लो' उभं राहत होतं, तेव्हा जेफ अ‍ॅटवूड यांनी एक पळवाट जाहीरपणे लिहिली. मेमरीत एक वस्तू मुदत घालून ठेवायची, मुदत संपली की सर्व्हर कळवतो, त्या निमित्तानं काम उरकायचं आणि वस्तू पुन्हा ठेवायची. देवापुढचा दिवा विझायच्या आत तेल घालत राहण्यासारखं. बरेच जण आणखी साधं करायचे: दुसऱ्या यंत्रावरून दर दहा मिनिटांनी आपलंच पान उघडायचं, म्हणजे वीस मिनिटं शांतता होऊच द्यायची नाही. २०११ साली फिल हॅक यांनी, ते तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्येच होते, स्पष्ट लिहिलं की असली कामं वेब अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात ठेवणं धोक्याचं आहे. २०१४ मध्ये डॉट नेट ४.५.२ नं अधिकृत सोय दिली, पण काय सोय? प्रोसेस बंद होताना पाठीमागच्या कामाला ९० सेकंद मिळतील. नव्वद सेकंदांत काय होतं? एक लहान यादी निघेल. तालुक्याची नाही निघणार.

जावाच्या घराण्यात वेगळी तऱ्हा. तिथल्या एंटरप्राइज जावाबीन्सच्या नियमांनी प्रोग्रामला स्वतःचे धागे सुरू करायला मनाईच केली होती, कारण मालक सर्व्हर आहे. मनाई केली, पण जे काम करायचं ते नीट कसं करायचं याचं सर्वमान्य उत्तर जावा ईई ७ मध्ये, २०१३ साली आलं. मधली वर्षं लोकांनी आपापल्या पायवाटा काढल्या.

या सगळ्या उपायांत आम्हाला एक समान दोष दिसतो. सगळे माणसाला जागं ठेवायला बघत होते, वही कुणी करत नव्हतं. अर्धवट काम प्रोसेसच्या स्मरणात असेल तर ती प्रोसेस कितीही जागवा, कधीतरी वीज जाणार, कधीतरी अपडेट येणार. टिकाऊ तोडगा शेवटी वहीचाच निघाला. विनंती आली की डेटाबेसमध्ये एक ओळ लिहायची: अमुक काम करायचं आहे, अजून झालेलं नाही. माणसाला लगेच पोचपावती द्यायची आणि मोकळं करायचं. वेब सर्व्हरचा संबंध इथं संपला. पाठीमागं वेगळी सर्व्हिस, जिचा वीस मिनिटांशी काही संबंध नाही, ती ओळी वाचते, काम करते, 'झालं' असं लिहिते. मधेच पडली तर उठून पुन्हा वही बघते. आणि एकच ओळ दोनदा हाती आली तरी काम दोनदा होऊ नये, याची खबरदारी घेते. गाव नमुना ६, दुसरं काय?

आता आपल्या राज्यात या. आम्ही यंत्राच्या आतल्या तारा बघणार नाही, मांडणी बघणार आहोत. काम खिडकीसमोर ठेवलं की मागं, एवढंच.

२४ जून २०१७ ला राज्य सरकारनं कर्जमाफी जाहीर केली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज. अर्ज ऑनलाइन, आपले सरकार सेवा केंद्रावर, अंगठा लावून, आणि नवरा-बायको दोघांनी हजर राहून. मुदत १५ सप्टेंबर, ती पुढे २२ सप्टेंबर झाली. राज्यभरातून ५० लाखांहून जास्त अर्ज आले. ते दिवस इथं बसलेल्यांपैकी अनेकांना आठवत असतील. खरिपाची कामं सोडून लोक केंद्रासमोर बसायचे. दिवसा सर्व्हर ओढायचा नाही म्हणून केंद्रं रात्री चालायची, आणि बायाबापडे रात्री जागायचे.

मांडणी बघा. कर्जाचा हिशेब बँकेकडे आधीपासून होता. शेतकऱ्याला विचारायचं ते फारच थोडं: हा तूच का, आणि हे तुझंच खातं का. पण सगळा अर्ज, सगळी पडताळणीची सुरुवात, त्याच्या एका बैठकीत, त्याच्या देखत, यंत्र उत्तर देईल तोवर. लांबलचक काम विनंतीच्या आत कोंबलं. मग विनंती जितकी लांबते तितका माणूस उभा राहतो. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली. पण बँकांच्या याद्या आणि अर्ज यांचा मेळ घालायचं खरं पाठीमागचं काम त्यानंतरही चालूच राहिलं. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं निघाली. पैसे खात्यात पडायला त्यामुळे उशीर झाला. तंत्रज्ञ म्हणतील, गर्दीचा अंदाज चुकला. आमचं मत वेगळं आहे. दुप्पट सर्व्हर आणले असते तरी रांग थोडी आखूड झाली असती, एवढंच. मेळ घालायचं काम तिथंच राहिलं असतं.

गंमत अशी की त्याच ऑगस्टमध्ये, २०१७ च्या, मायक्रोसॉफ्टनं एएसपी डॉट नेट कोअर २.० आणलं, आणि त्यात पहिल्यांदा पाठीमागच्या सर्व्हिसला वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये अधिकृत जागा दिली. तीही आयआयएसच्या पुलात ठेवली तर पुलाबरोबर निजतेच, हे वेगळं. २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.० नं तिला वेब सर्व्हरविना एकटीनं राहायचा तयार साचा दिला.

आणि त्याच २०१९ च्या डिसेंबरात दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. या वेळी शेतकऱ्यानं अर्ज करायचाच नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती भरायची, मागं मेळ घालायचा, मग याद्या गावात लावायच्या. शेतकऱ्यानं यायचं ते फक्त यादीत नाव आल्यावर, रक्कम बरोबर आहे का बघून अंगठा लावायला. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली, ६८ गावं, १५,३५८ शेतकरी. आधी थोड्या गावांवर चालवून बघितलं, मग पुढच्या याद्या. अंगठ्याच्या तक्रारी याही वेळी झाल्या, कोरोनानं महिनाभरात सगळं अडवलं. पण लांबचं काम खिडकीमागं गेलं, आणि खिडकीवर काही मिनिटांचं उरलं. राजकारण कुणाचं चांगलं हा आजचा विषय नाही. दोन्ही योजनांवर बोलायला इथं बरेच जण तयार असतील. मांडणीपुरतं बोलायचं तर दुसरी मांडणी जास्त शहाणी होती.

तलाठ्यांची गोष्ट याच काळातली. ई-फेरफार आला, सातबारे दुरुस्त करायचे होते, आणि दिवसा सर्व्हर चालेना म्हणून राज्यभर तलाठी रात्री, पहाटे काम करायचे. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे सुरू झाले, त्यामागं या जागरणांचा मोठा वाटा आहे. म्हणजे यंत्राला पाठीमागची पाळी नव्हती, तेव्हा ती माणसांनी केली.

याउलट ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर. शेतकरी बांधावर जातो, पिकाचा फोटो काढतो. आपल्याकडे भूम, परंड्याच्या कितीतरी शिवारांत रेंज नसते. मग अ‍ॅप नोंद फोनमध्येच ठेवतं आणि रेंज आली की वर पाठवतं. म्हणजे वही थेट शेतकऱ्याच्या खिशात. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळ्यांचे फोन एकदम पाठवायला लागले की वरचा सर्व्हर दमतो, मुदत वाढवावी लागते, ते आपण बघितलंय. पण फोटोसाठी कुणाला पुन्हा शेतात जावं लागत नाही, आणि हे छोटं नाही.

शेवटचं एक आणि थांबतो. २०२३ मध्ये, आधी शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. राजपत्रात एक ओळ, पण नोंदी कोट्यवधी. गाडीच्या पाटीवर एमएच २५ तेच राहिलं, कारण यंत्र आपल्याला आकड्यानं ओळखतं. पण जिथं जिथं प्रोग्रामरनं आकडा न ठेवता नावच लिहून ठेवलं होतं, तिथं ते एकेक शोधून बदलायचं काम, खिडकी बंद न करता, मागच्या मागं चालवावं लागतं. आजही एखाद्या जुन्या फॉर्मच्या यादीत तुम्हाला 'उस्मानाबाद' सापडतं. ते दिसलं की समजा, तिथली पाठीमागची पाळी अजून आलेली नाही.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूला माइक द्या.